स्नेक प्लांट घरात पुन्हा पुन्हा का बिघडतं आणि ते थांबवायचं कसं

एक पान पिवळं पडतं, ते कापलं जातं. महिन्याभरात शेजारचं पान बुडाशी मऊ होतं. मग बुरशीनाशक, मग खत, मग जागा बदलणं, आणि काही महिन्यांनी परत तेच. हे चक्र तुटत नाही याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: उपचार पानांवर चाललेले असतात आणि बिघाड कुंडीच्या खालच्या थरात जसाच्या तसा असतो. म्हणून आधी मातीकडे बघू, पानांची लक्षणं नंतर. एक आकडा हाताशी असला की बऱ्याचशा तक्रारींचा उलगडा होतो: भरपूर पाणी दिल्यापासून तळापर्यंतची माती वाळायला किती दिवस लागतात?

हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. जाड पानांत आणि मातीतल्या आडव्या कंदात ते पाण्याचा साठा करतं. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडतात. हे मात्र ती रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि दिवसाच्या उन्हात बंद ठेवतं, त्यामुळे पानांतून पाणी फार कमी उडतं. (‘स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं’ हा समज यातूनच आलेला दिसतो. ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. रात्री चालतं ते कार्बन डायऑक्साइड साठवण्याचं काम.) कुंडीच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की इतर झाडांसारखं हे झाड माती शोषून कोरडी करणार नाही. माती स्वतःहून लवकर वाळेल अशी सोय आपल्यालाच करावी लागते.

वाळण्याचे दिवस कसे मोजायचे

कुंडी पूर्ण भिजवा, खालच्या भोकांतून पाणी निथळू द्या. नंतर दर दोन दिवसांनी एक पातळ, कोरडी लाकडी काडी कुंडीच्या कडेनं तळापर्यंत खोचा, दहा मिनिटं तशीच राहू द्या आणि काढून पाहा. काडी गडद झाली किंवा तिला मातीचे कण चिकटून आले तर तळाशी ओल आहे. काडी मधोमध खोचू नका, कंदाला जखम होते. कडेलाही अडखळली तर जोर न लावता जागा बदला.

कुंडी उचलण्याजोगी असेल तर वजनकाटा त्याहून सोपा. समजा निथळल्यावर कुंडी १,९०० ग्रॅम भरली आणि काडी कोरडी निघाली त्या दिवशी १,४०० ग्रॅम. पुढे १,४०० च्या जवळ आल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. झाड वाढेल तसा हा आकडा सरकतो, म्हणून तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजा. मातीत खोचायचे स्वस्त ओलावामापक मात्र या झाडासाठी फारसे कामाचे नाहीत. त्यातले बरेचसे मातीतून वीज किती वाहते यावर चालतात. भरड मातीत पोकळ्या असल्यामुळे ते ओल असूनही ‘कोरडं’ दाखवतात, आणि खतांचे क्षार साचलेल्या मातीत उलट.

१५ सेंटीमीटर व्यासाची कुंडी उबदार दिवसांत साधारण सात ते बारा दिवसांत तळापर्यंत वाळत असेल तर व्यवस्था ठीक आहे. वीस दिवसांनंतरही तळ ओला असेल तर पाण्यातलं अंतर वाढवून प्रश्न सुटणार नाही, कारण कितीही उशिरा पाणी दिलं तरी दर खेपेला मुळं तीन आठवडे ओलीतच राहणार. अशा वेळी माती, कुंडी किंवा उजेड यांपैकी काहीतरी बदलायलाच हवं.

माती

रोपवाटिकेतून येणारं रोप बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये किंवा चिकट मातीत लावलेलं असतं. तिथे भरपूर उजेड आणि वारा असतो, म्हणून ते चालून जातं. घरात आणलं की तीच माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. नवीन रोपाला महिनाभर घराची सवय होऊ द्या आणि मग माती बदला. वाळण्याचे दिवस आधीच वीसच्या वर असतील तर महिनाभर थांबू नका.

चालेल असं मिश्रण, मापानं: दोन भाग कुंडीसाठीची हलकी माती किंवा कोकोपीट-गांडूळखत, दोन भाग पर्लाइट किंवा प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) आणि एक भाग जाड वाळू किंवा तीन ते सहा मिलिमीटरचा विटांचा चुरा. वाळू बारीक असेल तर ती घालूच नका. बारीक कण मोठ्या कणांमधल्या पोकळ्या बुजवतात आणि निचरा सुधारण्याऐवजी बिघडतो. विटांचा चुरा चाळून धूळ काढून टाका. मिश्रण ओलं करून मुठीत दाबलं की गोळा व्हायला नको. बोट लावताच फुटायला हवं.

माती बदलताना मुळांभोवतीचा जुना गोळा सोडवणं महत्त्वाचं. आत दाट कोकोपीट आणि बाहेर भरड मिश्रण अशी स्थिती झाली तर बाहेरची माती चार दिवसांत सुकते, आतला गोळा ओला राहतो आणि काडी कडेनं खोचली की सगळं कोरडंच दिसतं. मुळांभोवती जाळीची पिशवी निघाली तर ती कापून काढा.

कुंडी

तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. भिजलेला स्पंज आडवा धरा, ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज उभा करा, आणखी पाणी गळतं. आडव्या स्थितीत गुरुत्वाकर्षण जे पाणी ओढू शकलं नाही ते स्पंजच्या खालच्या थरात अडकलेलं होतं. कुंडीतही निचरा झाल्यावर मातीच्या खालच्या काही सेंटीमीटरमध्ये असाच एक ओला थर उरतो. त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते. खाली खडे घातले की हा थर नाहीसा होत नाही, फक्त वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक जाळीचा तुकडा पुरे. खडे उरलेच तर उंच कुंडी पडू नये म्हणून बाहेरच्या शोभेच्या कुंडीत वजनासाठी वापरा.

कुंडीचा व्यास मुळांच्या गोळ्यापेक्षा तीन ते पाच सेंटीमीटरनं मोठा असावा, त्याहून नाही. मोठ्या कुंडीतल्या ज्या मातीत मुळंच पोचलेली नाहीत ती माती वाळवणारं कोणी नसतं. कंद आडवे पसरतात, मुळं फार खोल जात नाहीत, तेव्हा रुंद आणि बेताच्या खोलीची कुंडी बरी. मातीची कुंडी भिंतींतून पाणी सोडते, त्यामुळे तेच मिश्रण प्लास्टिकपेक्षा लवकर वाळतं. पाणी जरा सढळ हातानं देण्याची सवय असेल त्यांनी मातीचीच घ्यावी.

बिनभोकाच्या शोभेच्या कुंडीत थेट लावणं टाळा. साध्या प्लास्टिकच्या कुंडीत लावून ती आत ठेवा. पाणी घालताना बाहेर काढा, अर्धा तास निथळू द्या, मग परत ठेवा. ‘मी तर अगदी कमी पाणी घालते’ असं म्हणणाऱ्यांच्या बाहेरच्या कुंडीत तळाशी तीन बोटं पाणी साचलेलं असणं ही नवलाची गोष्ट नाही.

उजेड

‘अंधाऱ्या कोपऱ्यातलं झाड’ ही स्नेक प्लांटची ओळख त्याच्या मुळावर आली आहे. कमी उजेडात ते तग धरतं, वाढत नाही. वाढ थांबली की पाण्याचा वापरही जवळजवळ थांबतो. म्हणजे खिडकीजवळ दहा दिवसांत वाळणारी कुंडी आतल्या कोपऱ्यात महिनाभर ओली राहू शकते, आणि पाणी घालणाऱ्याचा हात मात्र तोच राहतो.

उजेड अजमावायला दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर साधारण ३० सेंटीमीटर उंचीवर हात धरा. सावलीची कडा धूसर पण बोटं ओळखू येत असतील तर जागा उत्तम. सावली जेमतेम जाणवत असेल तर झाड जगेल, पण पाणी निम्म्या वेळाच द्यावं लागेल. सावलीच पडत नसेल तर तिथे झाड ठेवू नका, किंवा वर एलईडी दिवा लावून रोज बारा तास चालू ठेवा. सकाळचं कोवळं ऊन चालतं. कोपऱ्यातलं झाड एकदम कडक उन्हात नेलं तर पानांवर फिकट, कोरडे चट्टे पडतात आणि ते भरून येत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं पुढे सरकवा.

पाणी देताना

द्यायचं तेव्हा पूर्ण द्या. दर आठवड्याला अर्धा पेला पाण्याचा जो सल्ला फिरतो त्यानं वरचा थर सतत ओला राहतो, खालच्या मुळांना काही मिळत नाही आणि क्षार वरच्यावर साचत जातात. तळापर्यंत कोरडं झाल्यावर भोकांतून वाहेपर्यंत पाणी, मग पुन्हा पूर्ण कोरडं. उबदार दिवसांत हे अंतर साधारण एक ते दोन आठवडे, थंडीत चार ते सहा आठवडे पडतं. पण हे अंदाज आहेत, निर्णय काडीचा किंवा वजनाचा.

फार दिवस कोरडी राहिलेली माती कधी कधी पाणी धरत नाही. ती आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, पाणी फटीतून सरळ खाली वाहतं आणि आपल्याला वाटतं भिजलं. पाणी घालूनही कुंडी हलकीच लागली तर ती पाण्याच्या बादलीत निम्म्या उंचीपर्यंत अर्धा तास ठेवा आणि मग निथळू द्या.

पानांच्या मधल्या पेल्यात पाणी जाऊ देऊ नका. बुटक्या, गुलाबासारख्या पसरट जातीत हे फार होतं. तिथे साचलेल्या पाण्यानं कोंब आतून कुजतो आणि मधलं पान ओढताच हातात येतं. पाणी मातीवरच, कडेनं घाला. चुकून मध्ये गेलंच तर कागदाच्या पिळानं टिपून घ्या.

कूज लागलेलं झाड वाचवणं

कुजीची खूण म्हणजे पानाचं बूड मऊ, पाणचट, पिवळट-तपकिरी होणं आणि बऱ्याचदा घाण वास येणं. टोकाकडून पिवळं पडत जाणारं, पण बुडाशी घट्ट असलेलं एखादं बाहेरचं जुनं पान ही कूज नव्हे. शंका असेल तर झाड उपसून पाहा. स्नेक प्लांट मुळं उघडी केल्यानं दुखावत नाही, वाट बघत बसल्यानं मात्र दगावतं.

१. झाड कुंडीतून काढा, सगळी माती झटका, मुळं साध्या पाण्यात धुवा. निरोगी कंद दाबला तर टणक, बाहेरून पिवळसर-केशरी, आतून पांढरट असतो. मुळंही केशरी छटेची असू शकतात, तेव्हा रंग पाहून घाबरू नका, दाबून बघा. कुजलेल्या मुळाची साल चिमटीत सरकते आणि आत नुसता दोरा राहतो.

२. धारदार सुरी ७० टक्के अल्कोहोलनं पुसा. मऊ मुळं काढून टाका. कंद पातळ चकत्या करत मागे कापत जा, जोवर कापलेला भाग एकसारखा पांढरट दिसत नाही तोवर. तपकिरी ठिपका किंवा कडं राहिलं तर कूज पुढे चालू राहते. इथे हात आखडला की महिन्याभरात सगळं पुन्हा करावं लागतं. प्रत्येक कापानंतर सुरी परत पुसा.

३. बुडाशी मऊ झालेली पानं काढा. वरचा भाग टणक असेल तर मऊ भागाच्या पाच सेंटीमीटर वरून कापून वेगळा ठेवा, त्यापासून नवीन रोप करता येतं.

४. हवेशीर सावलीत वाळू द्या. मुळांच्या छोट्या जखमांना दोन-तीन दिवस, जाड कंद कापला असेल तर पाच ते सात दिवस. कापलेल्या जागी कोरडी, खरबरीत खपली धरायला हवी. बुरशीनाशक वापरायचं असेल तर वाळवण्याआधी मँकोझेब-कार्बेन्डाझिम मिश्रणाच्या द्रावणात, एका लिटरला दोन ग्रॅम, पंधरा मिनिटं बुडवा, हातमोजे घाला. दुर्गंधी येणारी मऊ कूज बहुधा जिवाणूंची असते, तिच्यावर याचा उपयोग नाही. तिथे नीट कापणं आणि वाळवणं हाच उपाय.

५. जुनी माती टाकून द्या. कुंडी एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी यात अर्धा तास बुडवून धुवा. नवीन कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची, म्हणजे बहुधा आधीपेक्षा लहान.

६. कोरड्या किंवा नुसत्या दमट मिश्रणात लावा, कंद मातीखाली दोन-तीन सेंटीमीटर. पाच ते सात दिवस पाणी नाही, मग एकदा पूर्ण पाणी.

पुढचे काही आठवडे पानं थोडी सुरकुततील, कारण पाणी ओढायला मुळंच कमी आहेत. जास्तीचं पाणी घालण्याचा मोह इथेच होतो. मूळ एकही उरलं नाही पण कंद टणक असेल तरी झाड गेलेलं नाही. उबेत चार ते सहा आठवड्यांत नवी मुळं फुटतात. नवं पान दिसेपर्यंत खत देऊ नका.

मातीच्या पातळीवर पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती वेगळी बुरशी आहे. हे दाणे मातीत दीर्घकाळ जिवंत राहतात. ती माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत वापरू नका.

सुरकुतलेली आणि कलंडलेली पानं

सुरकुती दोन उलट कारणांनी पडते. माती कोरडी आणि बूड घट्ट असेल तर झाड तहानलेलं आहे. भरपूर पाणी दिल्यावर आठवड्याभरात पानं पुन्हा भरतात. माती ओली असूनही पानं सुरकुतली तर मुळं कुजली आहेत आणि समोर असलेलं पाणी झाडाला ओढता येत नाही. दोन्हीकडे पान सारखंच दिसतं, त्यामुळे नुसतं पान पाहून पाणी घालणं हा जुगार आहे.

कलंडलेल्या पानाचंही आधी बूड तपासा. मऊ असेल तर वरचा सगळा उद्योग. घट्ट असेल तर बहुधा उजेड कमी पडला आहे: नवी पानं अरुंद, लांबट, फिकट आणि खाली निमुळती होत जातात आणि स्वतःचं वजन पेलू शकत नाहीत. उजेड वाढवल्यावर पुढची पानं जाड येतील, पण पडलेलं पान उभं होणार नाही. ते काठीला सैल बांधा किंवा बुडातून कापा. फुटव्यांमुळे ताणलेली, फुगलेली प्लास्टिकची कुंडी हेही एक कारण असतं. कंदांचा जोर इतका असतो की कुंडी तडकते. तेव्हा विभागणीची वेळ झाली असं समजा.

तपकिरी टोकं, भेगा, डाग

वाळलेलं टोक परत हिरवं होत नाही आणि कापलेलं पान टोकाकडून वाढतही नाही, कारण पानाची वाढ बुडाकडून होते. पानाच्या आकारातच तिरका काप घ्या आणि हिरव्या भागाला न लावता एखादा मिलिमीटर तपकिरी कड राहू द्या. नाहीतर नवी जखम पुन्हा वाळत जाते.

टोकं एकामागून एक वाळत असतील तर मातीच्या वर पांढरा थर आहे का पाहा. तो क्षारांचा. कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट साधं पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढा. मग मात्र ती पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. दुसरं कारण फ्लोराइड. स्नेक प्लांट २०१७ पासून ड्रॅसिना वंशात धरलं जातं, आणि त्या गटातली अनेक झाडं फ्लोराइडला नाजूक असतात. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतो, फ्लोराइड उडत नाही. पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरून फरक पडतो का ते नव्या पानांवर पाहा. या झाडाला सुपरफॉस्फेट देऊ नका, त्यात फ्लोराइड असतं.

खताची गरजच मुळात थोडी. वाढीच्या दिवसांत सहा आठवड्यांतून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) चं अर्धा ग्रॅम प्रति लिटर द्रावण, तेही ओलसर मातीत. थंडीत आणि कमी उजेडात काहीच नाही.

उभी भेग बहुधा धक्का लागून किंवा फार कोरड्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिल्यावर पडते. वाळली की दिसायला वाईट, पण धोका नाही. खरबरीत, बुचासारखे लहान डाग पाण्याच्या अनियमिततेचे. मध्ये खोलगट, लालसर तपकिरी आणि भोवती पिवळं वलय असलेले डाग मात्र बुरशीचे असतात. ते पानावर पाणी राहिल्यानं पसरतात, तेव्हा फवारे मारणं बंद करा आणि डागाळलेला भाग कापून टाका. थंडीचा फटका वेगळा ओळखू येतो: दहा अंश सेल्सियसखाली गेलेल्या रात्रीनंतर काही दिवसांनी पाणचट चट्टे उमटतात, बहुधा खिडकीच्या थंड काचेला टेकलेल्या बाजूवर किंवा एसीच्या झोतासमोर.

फुलोऱ्याच्या देठावर दिसणारे चिकट थेंब हा रोग नाही, तो मध आहे. मात्र फूल आलेल्या कोंबाला त्यानंतर नवी पानं येत नाहीत, वाढ शेजारच्या फुटव्यांतून सुरू राहते.

किडी परत का येतात

कारण एका फवारणीत अंडी मरत नाहीत. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो. कापसाचा बोळा ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवून एकेक टिपून काढा, आधी पानाच्या एका कोपऱ्यावर करून पाहा. मग एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि दोन मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण एकजीव करून संध्याकाळी फवारा. द्रावण मधल्या पेल्यात साचू देऊ नका. सात दिवसांच्या अंतरानं चार वेळा, कीड दिसत नसली तरी. चार फेऱ्यांनंतरही परतली तर झाड उपसा: मुळांवर पांढरी पूड दिसली तर ती मुळांवरची पिठ्या कीड, आणि तिला पानांवरच्या फवारणीनं काही होत नाही. मुळं धुवा, माती बदला.

लाल कोळी कोरड्या, उबदार हवेत येतो. पानावर बारीक फिकट ठिपके पडतात, बेचक्यात जाळं दिसतं. उबेत त्याची पिढी आठवड्याभरात पूर्ण होते, म्हणून इथे अंतर सातऐवजी पाच दिवसांचं. ओल्या फडक्यानं दोन्ही बाजू पुसणं फवारणीइतकंच उपयोगी. खवले कीड नखानं खरवडून काढा आणि वरचीच फवारणी करा.

मातीवर घोंघावणाऱ्या बारीक काळ्या माश्या मात्र किडीपेक्षा निरोप म्हणून घ्याव्यात. त्यांच्या अळ्या वरच्या काही सेंटीमीटर ओल्या मातीत वाढतात. स्नेक प्लांटच्या कुंडीत त्या टिकल्या आहेत म्हणजे माती वाळतच नाही. पिवळे चिकट कागद माश्या पकडतील, पण अळ्या संपवायला कुंडी तळापर्यंत कोरडी होऊ देणं पुरेसं असतं.

पर्याय म्हणून एक रोप तयार ठेवा

कूज पसरत असलेल्या झाडाची दोन टणक पानं आधीच कापून ठेवली तर जात तरी टिकते. पानाचे आठ-दहा सेंटीमीटरचे तुकडे करा आणि प्रत्येकाची खालची बाजू लगेच खूण करून ठेवा, उलटा लावलेला तुकडा रुजत नाही. तीन-चार दिवस वाळवून दमट पर्लाइट-वाळूत तीन सेंटीमीटर खोल खोचा. मुळं यायला एक-दोन महिने, मातीवर कोंब दिसायला त्याहून बरेच अधिक लागतात. पाण्यात लावत असाल तर फक्त खालचे दोन सेंटीमीटर बुडवा आणि आठवड्याला पाणी बदला. पानांत सॅपोनिन असतं, म्हणून कापलेले तुकडे मांजर-कुत्र्यांच्या वाटेत ठेवू नका; चघळले तर उलट्या होतात.

पिवळ्या कडांच्या जातीत मात्र पानाच्या तुकड्यापासून येणारं रोप साधं हिरवं निघतं, कारण पिवळा आणि हिरवा भाग वेगळ्या पेशींचे असतात आणि नवा कोंब पिवळ्या कडेचा तो थर सोबत घेऊन येत नाही. पिवळी कड हवी असेल तर कंदासह फुटवा वेगळा करा, किमान दोन-तीन पानं आणि स्वतःची काही मुळं असलेला. अशा कुंडीत कधी एखादा पूर्ण हिरवा फुटवा निघाला तर तो दिसताच कंदापासून कापून दुसरीकडे लावा. त्यात हरितद्रव्य अधिक असल्यानं तो जोमानं वाढतो आणि ठेवला तर हळूहळू पिवळ्या कडांच्या पानांची जागा घेतो.